पोथी लावा, गोष्टीच्या पुस्तकाची

श्रावण लागला की पंचवटीतल्या जुन्या घरांत अजूनही पोथी लागते. दिवेलागण झाली की चौरंगावर रामविजय किंवा नवनाथ उघडायचा, एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. श्रीधरस्वामींनी रामविजय पुरा केला 1703 मध्ये. त्याचे 40 अध्याय. पुढच्या कितीतरी पिढ्यांनी तो तोंडपाठ म्हणावा इतका ऐकला, आणि त्या ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. आळीत वाचता येणारा एखादाच असे. तेवढ्यावर भागत असे.

हे आठवायचं कारण, या सदराच्या निमित्ताने भेटणारे पालक हमखास एक गाऱ्हाणं मांडतात: ‘पुस्तकं आणून दिली, कपाट भरलंय, पण पोरगं हात लावत नाही.’ मी उलट विचारते, तुम्ही वाचून दाखवता का? यावर बहुतेक जण जरा चमकतात. ‘आता तिसरीत आहे की, त्याचं त्याला येतं वाचता.’ माझं भांडण नेमकं याच उत्तराशी आहे. अक्षर लावता येणं वेगळं आणि गोष्टीत रमणं वेगळं. तिसरीतल्या मुलाची निम्मी शक्ती जोडाक्षरं फोडण्यातच जाते. वाक्याच्या शेवटाला येईतो सुरुवात विसरलेली असते. तेच पुस्तक आईने किंवा बाबाने वाचलं तर मूल सरळ जंगलात, किल्ल्यावर, भुयारात जाऊन पोचतं. कानाने समजण्याची त्याची ताकद डोळ्यांच्या कितीतरी पुढे असते, आणि ते अंतर पुढची काही वर्षं राहतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये आपल्या डॉक्टरांना सांगितलं, की पालकांना मूल तान्हं असल्यापासूनच मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आपल्याकडे लसीकरणाच्या कार्डाबरोबर असा सल्ला कुणी दिलेला मला तरी आठवत नाही.

पोथीची रीत मला पटते ती तिच्या शिस्तीमुळे. वेळ ठरलेली. अध्याय अर्धवट टाकायचा नाही. आज मूड नाही वगैरे भानगड नाही. वाचणारा गावाला गेला तर दुसरा कुणी बसतो, पण खंड पडत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अध्याय संपल्यावर ऐकणाऱ्याला कुणी विचारत नाही, ‘काय बोध घेतलास?’ आरती होते, प्रसाद वाटतात, माणसं उठतात.

आपण मात्र गोष्ट संपायच्या आत मुलाला उलटतपासणीला उभं करतो. ‘मग यातून काय शिकलास? ससा का हरला?’ पुस्तकाचा सारांश लिहून आणायला सांगणाऱ्या शाळा तर आहेतच. 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी मुलं हातात पुस्तक धरून फोटो काढतात आणि 16 तारखेला पुस्तकं पुन्हा कुलपात जातात. दिवस साजरा करायला माझी हरकत नाही, पण या कामाला दिवस नव्हे, नेम लागतो.

‘श्यामची आई’चंच घ्या. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत: रात्र पहिली, रात्र दुसरी अशा. आश्रमातली मंडळी प्रार्थना झाल्यावर जमतात, श्याम एक आठवण सांगतो, मंडळी झोपायला जातात. पुस्तकाची बांधणीच सांगते, की हे एका रात्री एवढंच घ्यायचं आहे. आणि आपण ते मुलाच्या वाढदिवसाला ‘संस्कारांसाठी’ म्हणून रंगीत कागदात बांधून हातात देतो, सुट्टीत वाचून काढ म्हणतो. मूल दहाव्या पानावर ते मिटतं. त्यात त्याचं काय चुकलं? तेच पुस्तक एका रात्री एक असं वाचून दाखवा. डोळ्यांत पाणी आलं तर वाचणाऱ्याच्याच येतं आधी, आणि ते मुलाने बघायला काही हरकत नाही.

वेळ मिळत नाही, हे मात्र खोटं कारण नाही. गणेशवाडीत पहाटे फुलं घेऊन बसणारी बाई रात्री नऊला पुस्तक कुठून उघडणार? मार्केट यार्डातला माणूस लिलाव आटोपून घरी येतो तेव्हा पोरं झोपलेली असतात. काहींना स्वतःलाच धड वाचता येत नाही आणि ते बोलून दाखवायची लाज वाटते. अशा घरांत उलटी पोथी लावावी.

मखमलाबाद रोडवरच्या एका घरात ती लागलेली मी पाहिली आहे. आजी चौथी शिकलेली, आता बारीक अक्षर दिसत नाही. नात इंग्रजी शाळेत, पाचवीत. जेवणं झाली, ओटा पुसून झाला की नातीने आजीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचून दाखवायचा. ‘प्रत्यक्ष’पाशी गाडी अडली की आजी भिंतीला टेकल्या टेकल्या, पुस्तकाकडे न बघता शब्द पुरवते, वाक्य कुठे चाललंय ते तिला आधीच कळलेलं असतं. मध्येच म्हणते, ‘थांब गं, याने सायकल कुठे ठेवली?’ ‘अगं आजी, मघाशीच तर वाचलं!’ पण नात दोन पानं मागे जाते आणि शोधून सांगते. ही परीक्षा नव्हे. आजी खरोखरच विसरलेली असते, म्हणून नात चिडत नाही. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ते योग्यच झालं. पण इंग्रजी धडाधडा वाचणारी आणि मराठी पाटी बघून थबकणारी आपली मुलं मराठीकडे वळतील ती अशाच ओट्याशेजारी.

पुस्तकं कुठून आणायची? नदी ओलांडली की 1840 सालचं सार्वजनिक वाचनालय आहे, मुलांच्या विभागासकट. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक फुकट उघडून वाचता येतात. अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे आहेत. त्यांच्या पुस्तकांतली घरं आपल्या घरांसारखी पसारा असलेली असतात, म्हणून मुलांना ती खरी वाटतात. मोबाइलवरूनही वाचून दाखवता येतं, मात्र फोन मोठ्याच्या हातात हवा आणि त्या मोठ्याने मध्येच मेसेज बघायचा नाही. (ही अट मुलांपेक्षा बाबांना जड जाते, असा अनुभव आहे.)

आणि एकट्याला पुस्तकांचा खर्च झेपत नसेल तर त्यावरचा तोडगा याच शहरातून निघालेला आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. देणगीदारांच्या पैशांतून शंभर पुस्तकांची पेटी भरायची, ती एका गटाकडे द्यायची, काही महिन्यांनी गटांनी पेट्यांची अदलाबदल करायची. नाशिकमधून निघालेल्या या पेट्या परदेशांतल्या मराठी घरांपर्यंत गेल्या. हिरावाडीतल्या एखाद्या सोसायटीतल्या सहा-सात घरांनी मुलांच्या पुस्तकांची अशी छोटी पेटी करायला कुणाची परवानगी लागत नाही.

परवानगी लागते ती एका ठिकाणी. गेल्या काही वर्षांत शहरात प्रभागाप्रभागांत अभ्यासिका झाल्या. स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे मान खाली घालून बसतात. त्यांची गरज खरी आहे. पण लहान मुलांच्या पुस्तकांचं एक कपाट आणि संध्याकाळचा एक तास मिळाला, तर वाचून दाखवायला पेन्शनीत निघालेले शिक्षक पंचवटीत खंडीभर आहेत. 2027 च्या सिंहस्थासाठी एवढे रस्ते खणताहेत, त्या हिशेबात हे कपाट दिसणारसुद्धा नाही. मागणी केली की उत्तर येतं, ‘मुलं गोंगाट करतील, अभ्यास करणाऱ्यांना त्रास होईल.’ मग तो तास सकाळचा ठेवा, व्हरांड्यात सतरंजी टाका. काळारामाच्या सभामंडपात प्रवचन चालू असतं तेव्हाही पोरं खांबांभोवती पळतच असतात. प्रवचन कुणी थांबवत नाही.