लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर आला, पण सायन्सच्या सरांना इंजिनिअरिंग कोण शिकवणार?

रहाटणीतल्या दहावीच्या वर्गात विचारा, ‘कुणाच्या घरचं कोण कंपनीत आहे?’ बरेच हात वर होतील. जवळच पिंपरीत टाटा मोटर्स, पलीकडे चाकणला बजाज, महिंद्रा, मर्सिडीज. पण त्याच वर्गातल्या फळ्यावर दंडगोलाचा व्यास लिहिलेला असतो ‘2 सेंमी’. बस्स.

असा तंतोतंत दंडगोल जगातला कोणताही कारखाना बनवू शकत नाही. शॉप फ्लोअरच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, समजा, 20 मिमी, अधिक-उणे 0.02. म्हणजे 19.98 ते 20.02 मध्ये बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट. ही मुभा कमी केली की खर्च वाढतो, वाढवली की बेअरिंग नीट बसत नाही. मग किती ठेवायची?

इंजिनिअरिंग हेच आहे. एवढा पैसा, एवढा वेळ, एवढं साहित्य. त्यात चालेल असं काय बनवता येईल? उत्तरं अनेक असतात आणि प्रत्येकात काहीतरी सोडावं लागतं.

आपल्याकडे नववी-दहावीच्या पुस्तकाचं नावच ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ आहे. शिकवणारे मात्र बहुतेक बीएस्सी-बीएड. त्यांनी केलेली प्रॅक्टिकल म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले प्रयोग. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी दुसरं काही शिकवलंच नाही.

सरकारने पैसे दिलेत. 2016 पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. 2025 च्या बजेटमध्ये पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी 50 हजार लॅब जाहीर झाल्या. पण प्रिंटरवर किचेन छापणं म्हणजे इंजिनिअरिंग नव्हे!

पुणे जिल्ह्यातच याचं जुनं उदाहरण आहे. हिंदुस्तान लीव्हरमध्ये संशोधक राहिलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या अभ्यासक्रमात शाळेतली मुलं वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती प्रत्यक्ष करतात, गावाला उपयोगी कामं करतात. हा अभ्यासक्रम पुढे राज्यातल्या इतर शाळांतही गेला. शिकवायला मुख्यतः स्थानिक निदेशक घेतले गेले. ते योग्यच होतं, पण त्यामुळे वर्कशॉप निदेशकाकडे आणि विज्ञान सरांकडे, ही भिंत तशी राहू शकते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने 2001 मध्येच इंजिनिअरिंग शालेय अभ्यासक्रमात आणलं. 2013 च्या विज्ञान आराखड्यात ते बऱ्याच राज्यांपर्यंत गेलं. तिथेही शिक्षकांची तयारी हाच अवघड भाग ठरला.

मग वेळ कुठून आणायचा?

नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षण सांगितलंय. त्यातले दोन दिवस भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या छोट्या युनिटच्या क्वालिटी विभागात घालवता येतील. व्हर्नियरने 50 पीस मोजायचे, दहावीच्या सांख्यिकीतला आयतालेख काढायचा, कुठला पीस का बाद झाला ते ऑपरेटरला विचारायचं. गणिताच्या बाईंना वर्षभर पुरतील एवढी उदाहरणं मिळतील.

सेफ्टीचे नियम, कंपनीची गोपनीयता या अडचणी सुटण्यासारख्या आहेत. खरी अडचण बोर्डाचा पेपर. ‘दोन डिझाइनपैकी एक निवडा आणि का ते सांगा’ असा प्रश्न आला, तर दोन वेगळ्या उत्तरांनाही पूर्ण मार्क द्यावे लागतील. तशी उत्तरपत्रिका तपासायची कशी, हे अजून कुणी शिक्षकांना शिकवलेलं नाही.