नातवाची पहिली मोटारसायकल : नकार नको, अटी घाला

"आजी, मला मोटारसायकल घ्यायची आहे. मम्मीला तू समजाव."

गेल्या महिन्यात माझा एकोणीस वर्षांचा नातू स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला. मोबाइलवर त्याने फोटो दाखवला. लाल रंगाची, पोटावर वाकून चालवायची, ६०० सीसीची जुनी रेसिंग गाडी. साठवलेल्या पैशांत थोडे कमी पडत होते, ते आजीकडून हवे होते.

मुलीचे उत्तर तयार होते. "या घरात मोटारसायकल येणार नाही. आणि आई, तू त्याला पैसे दिलेस तर माझ्याशी गाठ आहे."

मी न्यू जर्सीत मुलीकडे राहते. आधी मुंबईत आणि मग इथे अनेक वर्षे नर्सिंग केले, त्यातली बरीच हाडांच्या वॉर्डात. त्यामुळे मुलीची भीती मला कळते. अमेरिकेत २०२३ साली मोटारसायकलच्या अपघातांत ६,३३५ माणसे गेली. कापलेल्या अंतराचा हिशोब धरला तर मोटारीत बसलेल्या माणसापेक्षा मोटारसायकलवाल्याला मृत्यूचा धोका जवळजवळ २८ पट असतो. हे सरकारी आकडे आहेत. तरीही माझे मत असे की नुसता नकार हा या दुखण्यावरचा इलाज नाही.

हे मी माझ्याच घरात शिकले. १९७४ साली आम्ही ठाण्याला राहत होतो. धाकट्या भावाने मोटारसायकलचे नाव काढले आणि बाबांनी "नाही" म्हणून विषय संपवला. भाऊ मित्राच्या गाडीवर मैदानात चोरून शिकला. लायसन्स नाही, हेल्मेट नाही. एका संध्याकाळी घोडबंदर रस्त्याला वाळूवर ब्रेक दाबला आणि गाडी अंगावर आली. मांडीचे हाड मोडले. तीन महिने पायाला वजन बांधून पडून होता. तो पाय इंचभर आखूड राहिला तो कायमचा. बाबा शेवटपर्यंत म्हणत, "मी नाही म्हटले होते." खरे होते. पण त्या नकारामुळे भाऊ थांबला नव्हता, फक्त आमच्या नजरेआड गेला होता.

पुढे कळले की तो एकटा नव्हता. लॉस एंजेलिसमध्ये हॅरी हर्ट नावाच्या प्राध्यापकांनी सुमारे ९०० मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले. १९८१ साली तो अहवाल आला. अपघातातले ९२ टक्के चालक स्वतःच किंवा मित्र-नातेवाइकांकडून शिकलेले होते. निम्म्याहून अधिक जणांना त्या गाडीची सवय पाच महिन्यांचीही नव्हती. अहवाल जुना आहे, पण माणसाचा स्वभाव तोच आहे.

म्हणून मी नातवाला म्हटले, "पैसे देईन, पण अटींवर."

पहिली अट, आधी शिक्षण, मग गाडी. इथे मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशनचा नवशिक्यांसाठी कोर्स असतो. बंद मैदानात, शिक्षकांच्या नजरेखाली, त्यांच्याच लहान गाड्यांवर शिकवतात. पडायचे ते तिथे पडावे. एवढे करून नको वाटली तर गाडीचे पैसे तरी वाचले.

दुसरी अट गाडीची. आपल्या जुन्या मारुती ८०० ची ताकद चाळीस हॉर्सपॉवरपेक्षाही कमी होती आणि तिच्यात अख्खे कुटुंब जायचे. नातवाच्या त्या लाल गाडीची ताकद शंभराच्या वर, आणि बसणारा एक पोरगा. अशा रेसिंग गाड्यांवर मृत्यूचे प्रमाण इतर मोटारसायकलींच्या सुमारे चौपट असल्याचे इथल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेला आढळले. युरोपात तरुणांना आधी कमी ताकदीच्या गाडीचेच लायसन्स मिळते. अमेरिकेत तसा नियम नाही. १९ वर्षांचा मुलगा काल लायसन्स घेऊन आज सर्वात वेगवान गाडी घेऊ शकतो. तेव्हा तो नियम घरातल्यांनीच करायला हवा.

पहिली गाडी ३०० ते ४०० सीसीची पुरे. ताठ बसता आले पाहिजे आणि दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. होंडाची रेबेल ३०० आहे, तिची सीट जमिनीपासून जेमतेम २७ इंच. आपली रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० इथेही मिळते. ताकद वीस हॉर्सपॉवर, पण वजन १९५ किलो, म्हणून सडपातळ मुलाने आधी उभी करून, ढकलून पाहावी. जुनी गाडी घेतलीत तर टायरच्या कडेला छापलेले चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. वरून नवा दिसणारा टायर दहा वर्षांचा निघू शकतो.

तिसरी अट एबीएसची. घाबरून ब्रेक दाबला की चाक जाम होते आणि गाडी घसरते. माझ्या भावाचे तेच झाले. एबीएस चाकाला जाम होऊ देत नाही, ब्रेक क्षणाक्षणाला सैल करून पुन्हा धरते. एबीएस असलेल्या गाड्यांचे प्राणघातक अपघात सुमारे २२ टक्क्यांनी कमी असल्याचे त्याच संस्थेने दाखवले आहे. भारतात १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते २०१९ पासून सक्तीचे आहे. अमेरिकेत अजून सक्ती नाही, म्हणून विचारून घ्यावे लागते.

चौथी अट हेल्मेटची. पुण्याच्या मंडळींनी हेल्मेटसक्तीविरुद्ध किती मोर्चे काढले ते आपण वाचले आहे. इथेही तेच आहे. न्यू जर्सीत प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे, पण डेलावेअर नदीचा पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेले की २१ वर्षांवरचा अनुभवी चालक ते काढून ठेवू शकतो. कायदा बदलला तरी डोके तेच असते. हेल्मेटने चालकाच्या मृत्यूचा धोका सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होतो. हनुवटीसकट झाकणारे घ्यावे, आणि हलवले की गालाची कातडी सोबत हलावी इतके घट्ट असावे. दुसऱ्याचे वापरलेले घेऊ नये. एकदा जोरात आपटले की ते फेकून द्यावे.

आणि पहिले वर्षभर मागे कोणी बसायचे नाही. मैत्रीण नाही, भाऊ नाही, आजीसुद्धा नाही!

एक गोष्ट आपल्यासाठी. हर्ट यांच्या अहवालात आणखी एक निष्कर्ष होता. मोटार आणि मोटारसायकल यांच्या टकरींत सुमारे दोन तृतीयांश वेळा चूक मोटारवाल्याची होती. समोरून येणारी मोटारसायकल दिसलीच नाही, असेच बहुतेक जण सांगत. आपल्यापैकी जे अजून मोटार चालवतात त्यांनी वळण्यापूर्वी दोनदा पाहावे. मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलत असाल तर ढकलू नका. समोरून येणारा कुणाचा तरी नातू असतो.

नातू कोर्स करून आला. मान उन्हाने लाल झाली होती. म्हणाला, "आजी, ती छोटी गाडीसुद्धा माझ्याकडून तीनदा बंद पडली." लाल गाडीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. मुलगी अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण परवा जेवताना तिने नातवाला विचारले, "त्या एबीएसला जास्त पैसे पडतात का?"

मी म्हटले, "ते मी देईन."