संघ शहराचा कीं मालकाचा?

'ज्याचें दुकान, त्याचा गल्ला' हा न्याय बाजारांत रास्त आहे. त्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. परंतु मुंबईचें नांव धारण करून अंधेरीच्या सार्वजनिक मैदानांत खेळणाऱ्या फुटबॉलच्या संघालाहि हाच न्याय लावावा, असें चांगलीं शिकलेलीं माणसें म्हणूं लागलीं, म्हणजे आम्हांस गप्प बसवत नाहीं. २०२५ च्या डिसेंबरांत 'सिटी फुटबॉल ग्रुप' या परदेशी कंपनीनें 'मुंबई सिटी' संघांतील आपला हिस्सा सोडीत असल्याचें जाहीर केलें, व संघ पुन्हां मूळच्या मालकांकडे आला. त्यावर हळहळणाऱ्या आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस आमचे एक व्यवसायबंधु म्हणाले, "भागीदार बदलले, त्यांत तुमचें काय गेलें?" हा प्रश्न वरवर शहाणपणाचा दिसतो. तो किती पोकळ आहे हें दाखविणें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास लहान नाहीं. रोव्हर्स चषकाची स्पर्धा येथें १८९१ सालीं सुरू झाली. कित्येक वर्षें तो चषक गोऱ्या पलटणींच्या घरीं जात असे. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो जिंकला, तेव्हां कोठें एतद्देशीयांचा हात त्यास लागला. पुढें या शहरांत जे नामांकित संघ निघाले त्यांचीं नांवें पाहावीं: कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, महिंद्रा. यांत एकहि नांव गांवाचें नाहीं, वाडीचें नाहीं. सारीं पेढ्यांचीं आणि कारखान्यांचीं. या पद्धतीनें खेळाडूस नोकरी दिली, त्याच्या घरची चूल पेटती ठेवली, हें तिचें पुण्य आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तिचा दोषहि त्याच ठिकाणीं होता. पेढीची हौस फिटली कीं संघाचें आयुष्य सरलें. महिंद्रा युनायटेडनें २००५-०६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० सालीं तो संघ मोडला गेला. २००७ सालीं निघालेल्या 'मुंबई एफ. सी.' नें निदान शहराचें नांव घेतलें. पण २०१७ सालीं आय-लीगमधून खालच्या वर्गांत जातांच त्याचाहि कारभार आटोपला. खुद्द रोव्हर्स स्पर्धा या शतकाच्या आरंभीं बंद पडली. प्रत्येक वेळीं "त्यांत तुमचें काय गेलें?" असें कोणी तरी म्हणालेंच असेल. गेलें तें इतकेंच कीं, बापानें ज्या संघासाठीं घसा कोरडा केला त्याचें नांवहि मुलास ठाऊक नाहीं.

'मुंबई सिटी' चा जन्म २०१४ सालीं इंडियन सुपर लीगबरोबर झाला. नट रणबीर कपूर व हिशेबतज्ज्ञ बिमल पारेख हे त्याचे मूळचे मालक. पहिलीं दोन वर्षें त्याचे घरचे सामने खाडीपलीकडे नेरूळला होत. २०१६ सालीं संघ अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलांत आला. 'आयलंडर्स', म्हणजे बेटकरी, असें टोपणनांव घेतलेला हा संघ मुंबईचें जुनें बेट सोडून साष्टींत येऊन राहिला, ही नुसती गंमत नव्हे. पूर्वीं मोठा सामना पाहावयाचा तर बोरिवलीच्या माणसास चर्चगेटची गाडी धरून कूपरेज गांठावें लागे. आतां घाटकोपरचा मुलगा मेट्रोनें आझादनगरला उतरतो आणि चालत मैदानांत शिरतो. जेथें माणसें राहतात तेथें खेळ आला, हें या संघाच्या इतिहासांतलें आमच्या मतें सर्वांत मोठें पाऊल होय.

२०१९ सालीं परदेशी कंपनीनें पासष्ट टक्के हिस्सा घेतला, आणि तिच्या भांडवलानें व शिस्तीनें काय केलें तें मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे. २०२०-२१ च्या हंगामांत संघानें साखळींतील अग्रस्थानाची ढाल व अंतिम चषक हीं दोन्ही एकदम मिळविलीं. एप्रिल २०२२ मध्यें रियाध येथें इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असें हरवून आशियाच्या चँपियन्स लीगमध्यें सामना जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. २०२२-२३ सालीं ढाल पुन्हां आली. मे २०२४ मध्यें कलकत्त्यास मोहन बागानच्या अंगणांत जाऊन त्यानें पुन्हां चषक आणला. मात्र एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पहिल्या दुहेरी यशाचा तो सारा हंगाम महामारीमुळें गोव्याच्या रिकाम्या मैदानांत झाला. अंधेरींतला एकहि प्रेक्षक तेथें नव्हता. भांडवल चषक आणूं शकतें. तो कोणासाठीं आणला, याचें उत्तर भांडवलाजवळ नसतें.

कोणी म्हणेल, मुंबई क्रिकेटची नगरी. येथें फुटबॉलवर प्रेम करतो कोण? याचें उत्तर याच मैदानानें दिलें आहे. १ जून २०१८ रोजीं भारतानें चिनी तैपेईला येथें ५-० असें हरविलें, तेव्हां प्रेक्षक होते अवघे २,५६९. पूर्वीं याच मुंबई सिटीकडून खेळलेल्या सुनील छेत्री या कर्णधारानें त्यानंतर लोकांस मैदानावर येण्याची कळकळीची विनंति केली. ४ जून रोजीं केन्याविरुद्धच्या सामन्याला भर पावसांत मैदान भरून गेलें. तीन दिवसांत शहराची आवड बदलली नव्हती. त्यास कोणी आपलें म्हणून हांक मारली होती, इतकेंच.

दुसरा आक्षेप असा कीं, पैसा जो घालतो त्यानेंच ठरवावें. ठीक आहे, परंतु पैसा एकटा मालकच घालतो काय? मैदान महानगरपालिकेचें, म्हणजे करदात्यांचें आहे. नांव शहराचें आहे. तिकिटाचे पैसे प्रेक्षकांचे आहेत. जर्मनींत, मोजके अपवाद सोडल्यास, संघाच्या मतांपैकीं निम्म्याहून अधिक मतें सभासदांच्या हातीं असलींच पाहिजेत असा नियम आहे. म्हणून बायर्न म्युनिक कांहीं भिकेस लागलेला नाहीं. उलट, लंडनच्या विंबल्डनचा संघ दूर मिल्टन कीन्सला नेण्यास २००२ सालीं परवानगी मिळाली, तेव्हां प्रेक्षकांनीं वर्गणी काढून आपला नवा संघ उभा केला, आणि २०११ पर्यंत त्यास इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्यें पोहोंचविलें. मालकानें संघ नेला. शहरानें तो परत घडविला.

आमच्याकडे २०२५ च्या जुलैंत संयोजक कंपनी व अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यांतील करार संपत आल्यानें लीगचा नवा हंगामच स्थगित झाला, आणि वर्ष सरतां सरतां परदेशी भागीदारहि निघून गेला. त्या महिन्यांत संघाचे म्हणून जागेवर कोण उरले होते? सज्जांत ढोल वाजविणारे प्रेक्षक. ज्यांच्या हातीं कांहींच नव्हतें, तेच तेवढे पळाले नाहींत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मूळच्या मालकांनीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यास परवडेल इतक्या वर्गणींत सभासद करून घ्यावे, आणि संघाचें नांव, चिन्ह, रंग व मैदान त्यांच्या मतावांचून बदलूं नये. महानगरपालिकेनें मैदान देतांना अट घालावी कीं, जोगेश्वरीपासून मुलुंडपर्यंतच्या पालिकेच्या शाळांतील मुलामुलींस ठराविक दिवस तेथें खेळावयास मिळेल व संघाचे शिक्षक त्यांस शिकवितील. यांत मालकाचा एक रुपयाहि कोणी हिरावून घेत नाहीं. उलट, तो उद्यां कंटाळला तर संघ सांभाळणारे हात तयार होतात.

आमच्या व्यवसायबंधूंस त्यांच्या प्रश्नाचें उत्तर आतां मिळालें असेल. २०२५ सालीं भागीदार गेला. त्यांत आमचें फारसें गेलें नाहीं, हें खरें. परंतु उद्यां मालकहि गेला आणि त्याच्याबरोबर संघ गेला, तर या शहरानें तो चौथ्या-पांचव्यांदा गमावलेला असेल, आणि तेव्हां दोष मालकाचा नव्हे, "आमचें काय गेलें?" असें विचारीत बसलेल्या आमचाच असेल.