पुढारी की हस्तक?

ख्रिस्ती तरुणांस धर्मकार्याच्या 'नेतृत्वाचे शिक्षण' द्यावयाचे, ही भाषा आम्ही पेरुंगुडीकर मराठी ख्रिस्ती पुष्कळ ऐकतो. आम्हांस तेव्हा रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग-कीर्तनांतून ख्रिस्त मराठी घरांत नेला. तरी 'देवाचा दरबार' उभारण्यासाठी १९१७ साली त्यांना मिशनची पगारी चाकरी सोडावी लागली. वयाच्या छपन्नाव्या वर्षी! इकडे तंजावरात सरफोजीराजांचे सहाध्यायी वेदनायगम शास्त्री तमिळमध्येच गाइले. मग आमच्या मुलांच्या हाती उसनी प्रवचने आणि अहवालांचे तक्ते कशाला? ज्याला मंडळीची बोली येत नाही, पैशाचा निर्णय घेता येत नाही, वरिष्ठांस 'नाही' म्हणता येत नाही, त्यास पुढारी म्हणणे ही निव्वळ वंचना होय. शिबिरे मागाहून भरवा. आधी तिजोरीची किल्ली त्यांच्या हाती द्या.