एकटीचा मेळा

आमच्या केडगावच्या घरी मध्यंतरी एक चमत्कार घडला. आई एकटीच गात होती, नि ऐकू येत होत्या सात-आठजणी!

उद्योग अर्थात चिरंजीवांचा. आईच्या भजनी मंडळात एके काळी अकराजणी होत्या. रेणुकामातेच्या नवरात्रात त्यांचा आवाज आळीभर घुमे. आता तिच्याखेरीज कोणी उरले नाही. चिरंजीवांनी तिचे एक पद मोबाइलवर टिपले आणि संगणकातल्या 'कोरस' नावाच्या प्लगिनमधून काढले. "आजी, तुझं मंडळ परत आणतो," म्हणाले.

मी पडलो मराठीचा मास्तर. पण कुतूहल स्वस्थ बसू देईना. युक्ती तशी साधी आहे. मूळ आवाजाची नक्कल करायची आणि ती सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी मागे ठेवायची. मात्र एवढ्याने भागत नाही. दहाजणी गातात तेव्हा कोणाचा सूर केसभर चढा असतो, कोणाचा उतरता. म्हणून तो उशीरच झोपाळ्यासारखा संथपणे कमी-जास्त करायचा. उशीर घटू लागला की सूर चढतो, वाढू लागला की उतरतो. ह्या हेलकाव्याला मॉड्युलेशन म्हणतात. चिरंजीवांनी गंमत म्हणून झोका मोठा घेतला, तर आई होडीत बसून गाते आहे असे वाटले!

गवयामागचे दोन तंबोरे कितीही जुळवले तरी तंतोतंत एक होत नाहीत, आणि त्यानेच नाद भरतो. तीच ही गोष्ट. जपानच्या बॉस कंपनीने १९७६ साली 'सीई-१' ही कोरसची पेटी काढली. तिच्यातून मूळ आवाज एका स्पीकरला नि हलता आवाज दुसऱ्याला देता येई. दोहोंचे मिश्रण खोलीतल्या हवेतच होई.

आमच्या घरची मांडणी अधिक ऐसपैस. मूळ आवाज मध्ये. नक्कल डाव्या कानात सुलट, उजव्या कानात उलट. म्हणजे एकीकडे लाट वर, तर दुसरीकडे तीच खाली. हेडफोन लावला नि अंगणभर बायका बसल्याचा भास झाला.

आईने मात्र ऐकून विचारले, "अरे, धाकटी जाऊ कुठं आहे ह्यात? ती दर कडव्याला मागं राहायची."

चिरंजीव गप्प. उशीर सगळ्या पदभर सारखाच झुलत होता. कडवे कुठे संपते हे त्या यंत्राला काय ठाऊक!

पहिल्या माळेला ते पद शेजारच्या मांडवात लावले. तिथे भोंगा एकच. त्यात डावे-उजवे एकत्र झाले, सुलट नि उलट लाटांनी एकमेकींना पुसून टाकले, आणि मंडळ नाहीसे झाले. उरला आईचा एकटीचा, जरा कापरा आवाज. चिरंजीव धावत निघाले. आईने त्यांना हाताने थांबवले आणि ओट्यावर बसून स्वतःच्या आवाजाबरोबर गाऊ लागली. समोरच्या घरातली सून पायरीवर आली, दोन ओळी ऐकून गुणगुणू लागली. शब्द ठाऊक नसल्याने किंचित मागून.

"ये, इकडे बस," आई तिला म्हणाली. "मागं राहिलीस तरी चालेल."