गोल अक्षरांची साथ

मुंबईच्या उपनगरांतील मराठी पाट्यांचा प्रश्न एकदांचा सुटला, असें आमचे कित्येक मित्र समाधानानें सांगतात. २०२२ सालीं दुकानें व आस्थापना यांच्या कायद्यांत दुरुस्ती झाली. पाटीवरील मराठी अक्षरें इतर लिपींतील अक्षरांहून लहान असूं नयेत, असें ठरलें. आणि २०२३ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें दुकानदारांस दोन महिन्यांची मुदत दिली. अक्षरें मोठीं झालीं खरीं. परंतु त्यांचें रूप? त्याविषयीं कायदा मुका आहे, आणि आम्ही वाचकहि मुकेच आहोंत.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कोठल्याहि स्टेशनाबाहेर उभें राहून पाहावें. औषधांचें दुकान, दांतांचा दवाखाना, मिठाईवाला, सर्वत्र एकाच जाडीच्या रेघेचीं, कर्कटकानें काढल्यासारखीं, टोंकें घासून गुळगुळीत केलेलीं अक्षरें! हें वळण आपलें नव्हे. १९२७ सालीं जर्मनींत पॉल रेनर यांचा ‘फ्युचुरा’ टाइप निघाला. त्यांतील ‘ओ’ म्हणजे जवळजवळ शुद्ध वर्तुळ. रोमन लिपीला तें शोभलें, कारण तिच्या मोठ्या अक्षरांचा सांगाडाच वर्तुळ, चौकोन आणि त्रिकोण यांचा आहे. देवनागरी घडली ती बोरूच्या तिरप्या कापानें. रेघेची दिशा बदलली कीं जाडीहि बदलते, आणि त्या जाडबारीकपणावरून डोळ्याला अक्षराची ओळख पटते. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानें शिशाच्या खिळ्यांतहि तो राखला.

‘ठ’ किंवा ‘ट’ पाहून यांतील अनर्थ कळावयाचा नाहीं. तीं अक्षरें मुळांतच गोल आहेत. ‘द्ध’ पाहावें, ‘ह्म’ पाहावें, ‘ष्ट्र’ पाहावें. जागा तेवढीच, आणि तींत दोनतीन अक्षरांच्या सारख्याच जाड रेघा कोंबलेल्या. मग पोटांतील पोकळी बुजते. रात्रीं पाटीच्या आंत दिवा लागला म्हणजे ‘महाराष्ट्र’ ह्या शब्दाच्या शेवटीं नुसता एक डाग दिसतो. घाटकोपरच्या गुजराती पाट्यांना गोलाई मानवते, कारण त्या लिपीला शिरोरेघेचें ओझें नाहीं.

यांत टाइप घडविणारांस आम्ही दोष देत नाहीं. २०१४ च्या ‘पॉपिन्स’ टाइपांतील देवनागरी निनाद काळे यांची आहे. तो टाइप गोल व एकाच जाडीच्या रेघेचा असला तरी त्यांत रोमन मोठीं अक्षरें देवनागरीहून बुटकीं ठेविलीं आहेत. हा विवेक कायद्याच्याहि आधीं आठ वर्षांचा! ‘एक टाइप’ मंडळींचा ‘बलू’ तर उघडच खेळकर आहे; खाऊच्या पुड्यावर तो गोड दिसतो. पण असलीं अक्षरें फुकट मिळतात म्हणून त्यांनींच शाळेचें नांव, वकिलाची पाटी आणि श्रद्धांजलीचा फलक लिहावयाचा, हा कोठला न्याय? शोकसभेंत विदूषकाच्या वेषानें जावें तसेंच हें.

“स्वच्छ दिसतें, आधुनिक दिसतें,” असें यावर उत्तर मिळतें. स्वच्छपणा अक्षराच्या आंतील मोकळ्या जागेनें येतो, टोंकें घासल्यानें नव्हे. शिवाय इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या आमच्या पुष्कळ मुलांना रोजचें मराठी वाचन म्हणून ह्या पाट्याच काय त्या उरल्या आहेत. त्यांच्या डोळ्यांत देवनागरी म्हणजे रोमनची गुबगुबीत सावली, एवढेंच ठसावें काय?

दुकानदारांकडे आमचें मागणें फार नाहीं. पाटी करावयास टाकण्यापूर्वीं नांव कागदावर मोठें छापून घ्यावें, रस्त्याच्या पलीकडे भिंतीला लावावें, आणि घरांतील वडील माणसास दिवेलागणीला तें वाचावयास सांगावें. जोडाक्षराशीं तें माणूस अडखळलें, तर टाइप बदलावा.