शिस्त लावायला लष्कर नाही

उलट्या बाजूने दुचाकी दामटणारा पोरगा दिसला की मागच्या मोटारीतून हमखास आवाज येतो, ‘‘यांना दोन वर्षं मिलिटरीत घाला, सरळ होतील.’’ बोलणाऱ्याने बहुधा पन्नाशी ओलांडलेली असते, त्यामुळे स्वतःवर पाळी येण्याची धास्ती नसते. सक्तीच्या लष्करी सेवेची आपल्याकडची बाजू बरीचशी एवढीच आहे. पण सैन्य म्हणजे सुधारगृह नव्हे. सियाचिनवर शेजारी असा ढकलून आणलेला गडी चालेल का, हे तिथल्या जवानालाच विचारावं.

थोड्या प्रमाणावर आपण हे करूनही पाहिलं आहे. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक करावी लागली. नुसती मैदानावरची कवायत सगळ्यांच्या गळ्यात बांधणं पाच वर्षांपलीकडे जमलं नाही.

आकडाही आडवा येतो. देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक मुलंमुली अठरा वर्षांची होतात. खडं लष्कर साधारण बारा लाखांचं. सगळ्यांना बोलावणं शक्यच नाही. मग निवड आली, आणि निवडीमागून सवलती, दाखले, ओळखीपाळखी आल्या. अमेरिकेने हे भोगलं आहे. व्हिएतनाम युद्धात कॉलेजात शिकणाऱ्याला सूट मिळे. डिक चेनी यांनी पाच वेळा सूट मिळवली आणि पुढे तेच संरक्षणमंत्री झाले. ओरड वाढल्यावर १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांची सोडत काढली. ३६६ तारखांच्या कुप्या काचेच्या भांड्यात ओतल्या, पण त्या आधी नीट ढवळल्याच नव्हत्या! वर्षअखेरीच्या तारखा भराभर वर आल्या आणि डिसेंबरात जन्मणं कित्येकांना महागात पडलं.

सक्तीच्या बाजूचा एकच मुद्दा वजनदार आहे. ऐच्छिक सैन्यात गरिबाची पोरं मरतात, युद्ध पुकारणाऱ्यांची घरी सुरक्षित असतात. सगळ्यांचीच गेली तर राज्यकर्ते दहादा विचार करतील. कोरियात लढलेले खासदार चार्ल्स रँगेल यांनी इराक युद्धाच्या तोंडावर, २००३ मध्ये, अमेरिकी संसदेत याच हेतूने सक्तीच्या भरतीचं विधेयक आणलं. (पुढच्या वर्षी ते मताला आलं तेव्हा खुद्द रँगेल यांनीच विरोधात मत दिलं, हा भाग वेगळा.) पण इतिहास काय सांगतो? जुलै १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी व्हिएतनामसाठी सक्तीच्या भरतीचा महिन्याचा आकडा १७ हजारांवरून ३५ हजारांवर नेला, तोही रीतसर युद्ध न पुकारता. हात आखडण्याऐवजी सरकारला माणसांची आयती कोठी मिळाली.

सक्तीची सेवा असलेल्या फिनलंडची गोष्ट निराळी. पंचावन्न-छप्पन्न लाखांची वस्ती आणि रशियाला लागून तेराशे किलोमीटरची सीमा. त्यांना दुसरा इलाज नाही. तशी वेळ आपल्यावर आली तर घटनेच्या कलम २३ ने धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेद न करता सक्तीची सेवा मागण्याची मुभा सरकारला दिलेलीच आहे. आज मात्र चणचण तरुणांची नाही, भरतीच्या जागांची आहे.

साताऱ्याकडे पहाटे निघा. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारायचे म्हणून पोरं डांबरी रस्त्यावर धावत असतात, मग बीमला लोंबकळतात. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर हे घराण्यात चालत आलेलं. यातल्या अनेकांना शेती पुरत नाही म्हणून धावावं लागतं, हे खरंच. पोटाची सक्ती ही सक्तीच. पण पुण्यातल्या डॉक्टरच्या मुलाला जबरदस्तीने बराकीत टाकल्याने माण तालुक्यातल्या पोराचं पोट भरत नाही. त्याला दुसरी नोकरी मिळण्याची सोय हवी आणि फौजेत गेलाच तर अटी चांगल्या हव्यात.

आणि या अटींवर भांडता येतं ते भरती ऐच्छिक असते म्हणूनच. दक्षिण कोरियाने सक्तीच्या सैनिकांना वर्षानुवर्षं किरकोळ भत्त्यावर राबवलं. आपल्याकडे जून २०२२ मध्ये सैनिकभरतीची अग्निपथ योजना आली, चार वर्षांनी फक्त पंचवीस टक्क्यांना कायम करण्याची अट कळली, आणि पोरं रस्त्यावर उतरली. रेल्वे जाळणं निंद्यच. पण सरकारला वयोमर्यादा त्या वर्षापुरती एकवीसवरून तेवीस करावी लागली, निमलष्करी दलांत राखीव जागा जाहीर कराव्या लागल्या. लोकशाहीत सरकारने सैनिकापुढेही असं नमतं घ्यावं, हेच मला हवं आहे. २०२२ च्या अखेरीस या योजनेतून रुजू झालेल्या पहिल्या अग्निवीरांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात. मोटारीतून शिस्तीचे सल्ले देणाऱ्यांनी बाहेर पडणाऱ्या पाऊणशे टक्क्यांना आपल्या कारखान्यात, कचेरीत किती जागा ठेवल्यात, ते आधी सांगावं.